लोक अभिरक्षक कार्यालय : एका सहकाऱ्याच्या कामावरून पाहिलेली सेवा

जिल्हा न्यायालयांच्या आवारात आता ‘लोक अभिरक्षक कार्यालय’ अशी पाटी दिसते आणि इथल्या वकिलावर विसंबावे का, असे आरोपींचे नातेवाईक आम्हा वकिलांना नेहमी विचारतात. ज्याला वकील करणे परवडत नाही अशा आरोपीला रिमांड आणि जामिनापासून अपिलापर्यंत विनामूल्य वकील देणारी ही सेवा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेनुसार चालते. तिच्याविषयी लिहिताना मी माझ्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्याचे, आमच्या सरांचे, काम मोजमाप म्हणून घेतो आहे. ही योजना येण्याच्या कितीतरी आधीपासून, विधी सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे खासगी वकिली सांभाळून असे खटले घेणाऱ्या वकिलांच्या यादीवर, तुटपुंज्या मानधनात, त्यांनी हयातभर हेच काम केले.

‘फुकटचा वकील काय लढणार’ हा समज आमच्या बार रूममध्येही होता. सरांनी त्यावर कधी वाद घातला नाही. ते तारखेच्या आधी तुरुंगात जाऊन आरोपीला भेटत, आरोपपत्र पानापानाने वाचत, आणि पंचनाम्यातील वेळ ठाण्याच्या स्टेशन डायरीशी ताडून पाहत. त्यांची उलटतपासणी शांत असे, तीत आवाज चढत नसे, पण पंच साक्षीदाराने सही नेमकी कुठे बसून केली, एवढ्या साध्या प्रश्नावर अख्खी जप्ती डळमळीत झालेली मी पाहिली आहे. शिक्षा झालीच, तर निकालाची प्रत आरोपीच्या हाती पडल्याची खात्री झाल्याशिवाय ते प्रकरण बंद करत नसत. निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील विनामूल्य मिळणे हा कैद्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये होसकोट प्रकरणात सांगितले, आणि ते प्रकरण महाराष्ट्राचेच होते, याची आठवण ते कनिष्ठांना आवर्जून करून देत.

या मापाने पाहता नव्या व्यवस्थेचा मोठा गुण असा की, तिचे वकील पूर्णवेळ आहेत आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही. पॅनेलच्या वकिलाला स्वतःचे पक्षकार सांभाळून तुरुंगभेटीला वेळ काढावा लागे. इथे ती भेट नेमून दिलेल्या कामाचाच भाग आहे. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान 10 वर्षांचा अनुभव लागतो आणि हाताखाली उपमुख्य व सहायक असल्याने गंभीर सत्र खटलाही एकट्याच्या खांद्यावर पडत नाही. सरांनी उरलेसुरले खासगी पक्षकार सोडून या कार्यालयात येणे पत्करले, ते याच कारणासाठी.

खरी कसोटी मात्र जामीन मंजूर झाल्यानंतर लागते. देशातील तुरुंगांत जवळपास तीन चतुर्थांश माणसे न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कैदी, आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या हाती जामिनाचा आदेश असूनही जामीनदार मिळत नाही म्हणून ती आतच राहतात. परप्रांतीय मजुराने सातबारावाला जामीनदार आणायचा कुठून? सर अशा वेळी अट शिथिल करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना आरोपीच्या स्वतःच्या हमीवर, सोडावे, असा अर्ज लगेच देत. आदेशानंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे. आपल्या माणसाच्या बाबतीत ते कळवले गेले की नाही, हे नातेवाइकांनी स्वतः विचारावे. हा पाठपुरावा तत्पर असेल तर कार्यालय चांगले, असे मी खुशाल म्हणेन.

उणीव आहे ती नेमणुकीत. सरकारच्या बाजूने दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ते कायम सेवेत असतात, तर बचावाची ही पदे सुरुवातीला दोन वर्षांच्या कंत्राटावर असतात आणि पुढे कामगिरी पाहून मुदत वाढते. खटले त्याहून कितीतरी लांबतात. सरांना या कामाची ओढ होती म्हणून ते टिकले. तशीच ओढ प्रत्येक तरुण वकिलाला असेल, या भरवशावर योजना चालवणे मला पटत नाही.

कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, ही मदत मिळते. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाख रुपयांची मर्यादा आहे. फिर्यादी किंवा पीडिताला, तसेच दिवाणी व कौटुंबिक दाव्यांसाठी, पॅनेलचा वकील मिळतो. त्यासाठी या कार्यालयात खेटे घालू नयेत. अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे, तालुका समितीकडे किंवा तुरुंगातूनही करता येतो आणि 15100 या क्रमांकावर माहिती मिळते. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले, तर ते न देता सचिवांकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी.