मुलाच्या हाती पहिली रायफल: घरची एअरगन, क्लबची रेंज की एनसीसी?

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरली की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एक मागणी सुरू होते. होम मैदानावर फुगे फोडून झालेले असतात, एखादा नेम बरोबर लागलेला असतो, आणि घरी आल्यावर पोरगं म्हणतं, "मला पण बंदूक पाहिजे." २०२४ नंतर या मागणीला स्वप्नील कुसाळेचं नावही जोडलं जातं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायच्या रायफल प्रकारात) ब्राँझ मिळवतो, मग आपणही का नाही, हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आईवडिलांना पडणारा प्रश्न वेगळा. एअरगन आणून घरीच शिकवावं, फी भरून क्लबच्या रेंजवर पाठवावं, की शाळेच्या एनसीसीत नाव घालावं? भाचरं, पुतणे आणि चाळिशी ओलांडलेली एक वहिनी, अशा घरच्याच माणसांना मी नेम धरायला शिकवलंय, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. सुरुवात रेंजवर करा. घरी पहिले काही महिने छर्रा न घालता होणारा सराव तेवढा ठेवा. एनसीसी मिळाली तर सोडू नका, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. आता याची कारणं.

घरची एअरगन

घरी शिकवण्याचे फायदे खरे आहेत. भारतीय बनावटीची स्प्रिंगची रायफल काही हजारांत येते, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, आणि मुलाला आपल्या माणसाकडून शिकायला मिळतं. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० जूलपर्यंत ऊर्जेची एअरगन शस्त्र परवान्याशिवाय घेता येते. यातल्या 'परवान्याशिवाय' या शब्दामुळेच पुष्कळ लोक फसतात. २० जूल म्हणजे किती, तर अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरच्या आसपास वेगाने सुटेल इतकी ताकद. स्पर्धेतली १० मीटरची एअर रायफल साधारण १७० मीटर वेगाने मारते, म्हणजे साडेसात जूलच्या जवळपास. दुकानात 'पॉवरफुल' म्हणून पुढे केली जाणारी बंदूक स्पर्धेच्या रायफलीहून जास्त जोराची असू शकते. डोळा कायमचा जायला त्याहून कितीतरी कमी ताकद पुरते, आणि मोकळ्यावर सुटलेला छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो. जुळे सोलापुरातल्या एखाद्या गच्चीवरून तेवढ्या अंतरात किती घरं येतात, ते गच्चीत उभं राहून एकदा बघा.

तरीही माझी मुख्य हरकत ताकदीवर नाही. मूल मागे वळतं, यावर आहे.

छर्रा सुटतो, पुठ्ठ्यावर भोक पडल्यासारखं वाटतं आणि पोर विचारतं, "आत्या, लागला का?" विचारताना त्याची मान एकटी वळत नाही. कंबर वळते, खांदे वळतात आणि त्यांच्याबरोबर नळीही वळते. कितीही शहाणं मूल असू द्या, सुरुवातीला हे होतंच. त्यातून घरात मागून हाका येतच असतात. स्वयंपाकघरातून "भाकरी गार होतीये", दारातून "कुरियर आलंय", शिवाय धाकटं भावंड मधेच पळत येतं. रेंजवर फायरिंग लाइनच्या (जिथे उभं राहून मारतात त्या रेषेच्या) मागून कोणी हाक मारत नाही, आणि लाइनच्या पुढे कोणी जात नाही. घर आणि रेंज यांच्यातला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो.

दुसरी अडचण स्प्रिंगच्या रायफलीची स्वतःची आहे. नळी मोडून खाली दाबायची, स्प्रिंग ताणली जाते, मग छर्रा बसवायचा. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तेवढा जोर पुरत नाही. ते दस्ता मांडीवर टेकवतं आणि अंगाचा भार देऊन नळी ओढतं. अशा वेळी चाप दाबला गेला किंवा आतला अडका सुटला, तर नळी झटक्याने वर येते आणि छर्रा बसवणारं बोट मधे सापडतं. म्हणून छर्रा बसेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, ती सोडायची नाही. घरी शिकवणार असाल तर ताणणं आणि भरणं मोठ्या माणसाने करावं, मुलाने नुसता नेम धरावा. आणि अशी रायफल रिकामी उडवायची नाही, पिस्टनचं सील खराब होतं. त्यामुळे घरी छर्र्याशिवाय करायच्या सरावाला ती फारशी उपयोगी पडत नाही.

एवढं वाचूनही घरी करायचंच असेल, तर छर्रा अडवायची सोय आधी करा, बंदूक नंतर आणा. काळ्या दगडाच्या भिंतीवर किंवा लोखंडी पत्र्यावर सरळ मारलेल्या छर्र्याचे तुकडे उलटे येतात. साधारण फूटभर खोल लाकडी पेटी घ्या, ती चिंध्यांनी ठासून भरा आणि पाठीला जाड लोखंडी पत्रा लावा. चिंध्यांची आपल्या गावाला कमी नाही. पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जुन्या सोलापुरी चादरी सैल सोडा, हुकलेला छर्रा त्यांत जोर गमावतो. नेम एकाच जागी लागत गेला की मधला भाग पोखरला जातो, म्हणून चिंध्या अधूनमधून हलवून पुन्हा दाबून भरा. छर्रे शिशाचेच वापरा. पोलादी गोळ्या फार उसळतात. जागा अशी निवडा की बंदुकीच्या आणि पेटीच्या मधे एकही दार उघडत नसेल. माळवदावर किंवा गच्चीवर तर मुळीच नाही.

शेतावरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ज्वारी हुरड्यात आली की "पाखरं हाकायला बरी" म्हणून एअरगन घेतली जाते आणि मग ती मुलांच्या हाती जाते. हे करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांवर असं मारणं हा गुन्हा ठरू शकतो. आपल्याकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, शेताच्या बांधावर मोर आणि काळवीट येतात. जिवंत प्राण्यावर नेम धरायला शिकलेल्या मुलाला 'नळी फक्त लक्ष्याकडे' हा नियम नंतर शिकवणं फार जड जातं. पाखरांना गोफण आणि डबे पुरेसे आहेत.

आणि ठेवायचं कुठे? माळ्यावर ठेवली म्हणजे लपली, असं होत नाही. घरातल्या मुलांना माळ्यावरचं सगळं माहीत असतं. बंदूक एका कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडे, याला तडजोड नाही.

क्लबची रेंज

१० मीटरच्या एअर रेंजला फार जागा लागत नाही, एखादा लांब हॉल पुरतो. पण हॉल आहे म्हणून रेंज चांगली असं नसतं. फी भरण्याआधी एक तास नुसतं मागे बसून बघा. मी जाते तेव्हा पहिली नजर नारिंगी दोरीवर असते. रायफल खाली ठेवली की नळीतून ही प्लॅस्टिकची दोरी आरपार घातलेली दिसली पाहिजे. दोन्ही टोकांना दोरी बाहेर दिसली, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही ही सक्तीची आहे. ज्या रेंजवर ती नुसती खिळ्याला टांगलेली दिसेल, तिथे मी मूल पाठवणार नाही.

दुसरं, हुकूम कोण देतो ते बघा. 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप' हे एकाच माणसाच्या तोंडून येतात का? 'स्टॉप' म्हटल्यावर सगळे खरंच थांबतात का, की जुने खेळाडू "हा एक शेवटचा" म्हणून मारून घेतात? पुठ्ठा बदलायला कोणी पुढे जाताना इतरांच्या रायफली खाली ठेवलेल्या असतात का? प्रशिक्षकाचे मेडल भिंतीवर कितीही असोत, या तीन गोष्टी ढिल्या असतील तर परत फिरा.

तिसरी गोष्ट हात धुण्याची. छर्रे शिशाचे असतात, त्यांची धूळ बोटांना लागते आणि पेटीजवळ साचते. लहान वाढत्या अंगाला शिसं फार वाईट. रेंजवर खाणंपिणं नसावं, छर्रा तोंडात धरायची सवय दिसली तर तिथल्या तिथे मोडावी, आणि निघताना साबणाने हात धुवायला लावावेत. पेटीजवळची जमीन कोरड्या झाडूने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेली बरी. घरच्या सरावालाही हेच लागू.

चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी गुण मोजत नाही. तो पुठ्ठा उलटा लावतो, कोऱ्या बाजूने. मुलाने मधोमध कुठेतरी मारायचं, आणि भोकं एकमेकांजवळ येतात का तेवढंच बघायचं. दहा-नऊचा हिशेब डोक्यातून गेला की मूल श्वासाकडे आणि बोटाकडे लक्ष देतं, मागे वळून विचारणंही कमी होतं.

रेंजची उणी बाजू पैसे आणि वेळ. महिन्याची फी, छर्रे, पुठ्ठे, आणि पुढे गेलं की जॅकेट. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधला हॉल दुपारी भट्टीसारखा तापतो, तेव्हा सकाळची बॅच मिळते का ते आधी विचारा. मूल पुढे ५० मीटरपर्यंत गेलं, तर पुण्यातल्या बालेवाडीला किंवा कोल्हापूरला जाण्याची तयारी ठेवावी लागते. त्या प्रवासाला फळ येतं हे खरं. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनची (झोपून मारायच्या प्रकाराची) जगज्जेती झाली, आणि त्याच शहरातल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं.

एनसीसी

शिस्त इथे सगळ्यात पक्की आणि खर्च जवळजवळ नाही. नेमबाज अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती कॉलेजच्या एनसीसीतच. पण इथे .२२ ची खरी गोळी असते, जिचा पल्ला दीड किलोमीटरच्या घरात जातो. झोपून, २५ मीटरवर, कॅम्पमध्ये मोजक्या गोळ्या मिळतात, आणि पुढची संधी कधी येईल ते आपल्या हाती नसतं. सुरक्षिततेची सवय मनात उतरायला एनसीसी उत्तम, नेम बसायला अपुरी. आठवी-नववीच्या मुलाला आधी रेंजवर तयार करून एनसीसीत पाठवलं, तर त्या मोजक्या गोळ्यांचं चीज होतं.

रायफल की पिस्तूल

मनू भाकरची पॅरिसमधली पिस्तुलाची दोन ब्राँझ पाहिल्यापासून पिस्तुलाची मागणी वाढलीय. खर्चाच्या बाजूने पिस्तूल बरं, कारण जाड जॅकेट, पँट, बूट लागत नाहीत. लक्ष्यही मोठं दिसतं: पिस्तुलाच्या पुठ्ठ्यावरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, तर रायफलीचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा.

तरी लहानांना मी आधी रायफलच देईन. पिस्तुलाची नळी वीतभर. मनगट जरासं वळलं की ती शेजारच्यावर रोखली जाते आणि मुलाला पत्ताही नसतो. रायफलीची नळी लांब, ती कुठे बघतेय हे मुलाला दिसतं आणि मागे उभ्या असलेल्या मोठ्यालाही दिसतं, शिवाय दोन्ही हात तिच्यावर असतात. वजनाचा प्रश्न टेकूने सुटतो. वाळूच्या पिशवीवर किंवा स्टँडवर टेकवून, बसून सुरुवात करा. चार-पाच किलोची रायफल दहा वर्षांच्या मुलाने उभ्याने पेलायची गरज नाही, पाठीला ते बरंही नाही. एका गोष्टीत मात्र रायफलीला जपावं लागतं. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे, रायफलीला तशी खालची मर्यादा नाही. अनुभवी नेमबाजाच्या रायफलीचा चाप नुसत्या स्पर्शाने सुटतो. मुलाला ती तशीच देऊ नका, प्रशिक्षकाला चाप जड करून द्यायला सांगा.

तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर, किंवा मोठ्या माणसाला शिकायचं असेल, तर पिस्तुलाने सुरुवात करायला हरकत नाही. माझ्या वहिनीला पिस्तूलच मानवलं.

वय किती हवं, असं सगळे विचारतात. मी वयाआधी एक परीक्षा घेते, बंदुकीशिवाय. मूल खेळात पूर्ण रंगलेलं असताना एकदाच, आवाज न चढवता "थांब" म्हणायचं. ते आहे त्या जागी थांबलं तर रेंजवर न्या. "हो हो, एक मिनिट" म्हणालं तर सहा महिने थांबा, मग पुन्हा बघा.

स्वतःची रायफल घेण्याची घाई करू नका, सुरुवातीला क्लबची चालते. घ्यायच्या आधी मुलाचा मुख्य डोळा तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना घड्याळ जागेवर राहतं, तो मुख्य. उजव्या हाताच्या मुलाचा डोळा डावा निघाला तर रायफल कोणत्या खांद्याला लावायची हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवा, कारण डावी-उजवी मूठ वेगळी येते. हवेच्या सिलिंडरची आयात रायफल लाखाच्या वर जाते, म्हणून बरेच जण वापरलेली घेतात. त्यात गैर काही नाही, पण सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्यात २०० बारचा दाब असतो, आणि दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, घरातही नको. मे महिन्यात ते बंद गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका. तारीख पुसलेली असेल किंवा विकणारा "चालतंय हो" म्हणत असेल, तर नवं सिलिंडर बसवायचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर व्यवहार सोडून द्या.