अनेक लेगच्या शिपमेंटची मांडणी : मालवाहतुकीचे एक सॉफ्टवेअर चार महिने वापरल्यानंतर

हे सॉफ्टवेअर आमच्या कार्यालयात येण्यापूर्वी एकाच कंटेनरच्या प्रवासाच्या आम्ही तीन वेगवेगळ्या नोंदी करत असू : गोदामापासून बंदरापर्यंतचा ट्रक, मग जहाज आणि शेवटी उतरणीच्या बंदरापासून ग्राहकाच्या दारापर्यंतची गाडी. त्यामुळे ‘माल कुठपर्यंत आला?’ एवढ्या साध्या प्रश्नासाठीसुद्धा तीन पडदे उघडावे लागत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शिपमेंट एकच राहते आणि तिच्या पोटात हवे तितके लेग, म्हणजे प्रवासाचे टप्पे, जोडता येतात. ही सोय खरोखर कितपत उपयोगी पडते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

पहिल्या नोंदी करताना फारशी अडचण आली नाही. प्रत्येक लेगसाठी वाहतुकीचा प्रकार, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, कॅरियर (वाहतूक कंपनी) आणि नियोजित वेळा भरायच्या असतात. ठिकाणे यूएन-लोकोडने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ठिकाण-कोडने, निवडली जातात. या पाच अक्षरी कोडमधील पहिली दोन अक्षरे देशाची आणि उरलेली तीन ठिकाणाची असतात, म्हणजे रॉटरडॅमचा कोड ‘एनएलआरटीएम’ असा होतो. मात्र हा कोड बंदरापाशीच थांबतो, तो बंदरातले टर्मिनल, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा नेमका धक्का, सांगत नाही. ट्रान्सशिपमेंटमध्ये, म्हणजे वाटेत जहाज बदलताना, कंटेनर एका टर्मिनलवर उतरून त्याच बंदराच्या दुसऱ्या टर्मिनलवरून पुढे निघू शकतो, आणि मधल्या हलवाहलवीलाही वेळ व पैसा लागतो. असा छोटा लेग जोडायला गेलो तेव्हा ‘दोन्ही ठिकाणे एकच असू शकत नाहीत’ असे सांगून सॉफ्टवेअरने नोंद नाकारली. टर्मिनलचे वेगळे रकाने आधी सेटिंगमध्ये सुरू करावे लागतात, हे शोधण्यात आमची अर्धी दुपार गेली.

कंटेनर क्रमांकाची तपासणी मात्र चोख आहे. आयएसओ ६३४६ या मानकानुसार चार अक्षरे व सहा अंकांनंतर येणारा सातवा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो. क्रमांकात एखादे चिन्ह चुकले की सॉफ्टवेअर तो अंक पडताळून चूक जागीच दाखवते आणि पुढील सर्व लेगमध्ये पसरू देत नाही. आकारणीयोग्य वजनही, म्हणजे ज्यावर वाहतुकीचे भाडे लागते ते माप, लेगनुसार बदलते. तीनशे किलो वजनाचा आणि तीन घनमीटर आकारमानाचा माल समुद्रमार्गे सुट्या स्वरूपात गेला तर आकारणी तीन घनमीटरवर होते. तोच विमानाने गेला तर ६००० घनसेंटिमीटरला एक किलो या प्रचलित हिशेबाने पाचशे किलो धरले जातात. समुद्र आणि विमान असा मिश्र मार्ग असताना हे दोन्ही हिशेब एकाच शिपमेंटमध्ये आपोआप झालेले पाहणे सुखद होते.

खरी परीक्षा लेगच्या आत नसून दोन लेगच्या सांध्यावर होते, आणि तिथेच हे सॉफ्टवेअर घसरले. एका शिपमेंटमध्ये फीडर जहाजाला (मोठ्या जहाजापर्यंत कंटेनर नेणाऱ्या छोट्या जहाजाला) दोन दिवस उशीर होणार असल्याचे कळताच आम्ही त्या लेगची पोहोचण्याची तारीख बदलली. सॉफ्टवेअरने पुढच्या सर्व लेगच्या तारखाही शांतपणे दोन-दोन दिवस पुढे ढकलल्या आणि सर्व ओळी हिरव्याच राहिल्या. ट्रकच्या बाबतीत हे बरोबर आहे, कारण गाडी दोन दिवस उशिरा बोलावता येते. मोठे जहाज मात्र आपल्या कंटेनरसाठी थांबत नाही. त्याची कट-ऑफ वेळ, म्हणजे कंटेनर स्वीकारण्याची अंतिम वेळ, टळली की बुकिंग पुढच्या जहाजावर जाते, आणि तो उशीर दोन दिवसांचा न राहता पुढच्या फेरीपर्यंतचा होतो. पडदा हिरवा असताना जोडणी चुकल्याचे आम्हाला कॅरियरच्या ईमेलवरून समजले. ‘ठरलेले वेळापत्रक’ अशी एक खूण प्रत्येक लेगला उपलब्ध असून, ती केल्यास तारीख न हलता लाल इशारा मिळतो. पण मुळात ही खूण बंद असते आणि प्रत्येक लेगसाठी हाताने करावी लागते. जहाज आणि विमानाच्या लेगसाठी ती आपोआप चालू असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळांचे क्षेत्र (टाइम झोन) ठिकाणावरून घेतले जाते, त्यामुळे पॅसिफिक ओलांडून पूर्वेकडे जाणारे विमान निघण्याआधीच पोहोचल्याचा विनोद इथे घडत नाही. एक्सेलमधून तारखा आयात करताना मात्र त्या वापरणाऱ्याच्या संगणकाच्या वेळेनुसार धरल्या जातात, हे ध्यानात ठेवावे.

डिटेंशनबाबत एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. डेमरेज हे शुल्क कंटेनर टर्मिनलमध्ये पडून राहिल्याबद्दल लागते, तर डिटेंशन हे शुल्क तो बाहेर नेल्यापासून रिकामा परत करेपर्यंतच्या काळाचे असते. अनेकजण डिलिव्हरीला शेवटचा लेग मानून मोकळे होतात. तसे केल्यास सॉफ्टवेअरमधील फ्री डेजची (बिनशुल्क दिवसांची) मोजणी डिलिव्हरीलाच थांबते आणि प्रत्यक्षातील भाडे मात्र चढत राहते. रिकामा कंटेनर परत नेण्याचा स्वतंत्र लेग जोडल्यावर मोजणी बिनचूक झाली.

शिपमेंटची विभागणी हा सर्वांत कच्चा भाग आहे. तीन कंटेनरपैकी एक मागे राहिला आणि दोन पुढे गेले, तर शिपमेंट फोडावी लागते. फोडताना लेग नव्या नोंदीत उतरतात, पण त्यांना जोडलेली कागदपत्रे व आधीच नोंदवलेले खर्च उतरत नाहीत, शिवाय दोन्ही नोंदी मूळ एकच होत्या याचा दुवाही उरत नाही.

ज्यांचा माल ठरावीक मार्गांवरून आणि एकसंध जातो, त्यांनी हे सॉफ्टवेअर जरूर घ्यावे. आम्ही नेहमीच्या मार्गांचे टेम्पलेट तयार करून त्यांतील जहाजाच्या प्रत्येक लेगवर ‘ठरलेले वेळापत्रक’ ही खूण करून ठेवली आहे. फोडलेल्या शिपमेंटसाठी मात्र जुनी एक्सेलची वही अजूनही उघडीच आहे.