बॉक्सिंगचे १० आणि १६ औंसांचे ग्लोव्ह: नऊ महिने वापरल्यावर

नऊ महिन्यांपूर्वी दोन जोड्या घेतल्या. टांगलेल्या बॅगवर मारायला १० औंसांची, स्पॅरिंगला (जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला) १६ औंसांची. ग्लोव्ह मोठा म्हणजे ठोसा मऊ, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ते अर्धवटच खरं निघालं.

एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, म्हणजे दोन्ही जोड्यांत दर हाताला फरक १७० ग्रॅमचा. हातात तोलून पाहिला तर हसू येतं, तिसऱ्या राउंडला रडू. पहिले दोन महिने माझे हात हनुवटीवरून घसरून छातीशी यायचे आणि समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) थेट नाकावर. ठोसा मात्र म्हणावा तसा कमी झाला नाही. जोर येतो पायातून, कमरेतून, खांद्यातून. मुठीमागे अख्खा हात असतो, त्यापुढे १७० ग्रॅम म्हणजे चिल्लर.

फरक पाडतो तो फोम. तो दबतो, धक्का किंचित लांबवतो आणि जास्त जागेवर पसरवतो. त्यामुळे भुवई फुटत नाही, पण मान झटक्यात वळायची ती वळतेच. एकदा १६ औंसांचा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) कानशिलावर बसला. चेहऱ्यावर ओरखडा नाही, डोकं मात्र रात्रीपर्यंत जड. त्या दिवसापासून ‘मोठे ग्लोव्ह आहेत, बिनधास्त मार’ म्हणणाऱ्याबरोबर मी रिंगमध्ये उतरत नाही.

खरी वाचते ती मारणाऱ्याची मूठ. उघड्या मुठीने कवटीवर मारलं तर हाताचं हाड मोडायची भीती, म्हणून जुने लोक डोक्यावर जपून मारत. सलिव्हन आणि किलरेन हे अमेरिकन बॉक्सर १८८९ साली उघड्या मुठींनी ७५ राउंड लढले (तेव्हा कोणी खाली पडला की राउंड संपे). तोच सलिव्हन १८९२ मध्ये ५ औंसांचे ग्लोव्ह घालून कॉर्बेट या बॉक्सरसमोर उतरला आणि २१व्या राउंडला नॉकआउट झाला. आज व्यावसायिक लढतींत बहुतेक ठिकाणी वेल्टरवेटपर्यंत (साधारण ६७ किलोंचा वजनगट) ८ औंस आणि त्यावर १० औंस चालतात.

म्हणून ‘आजच्यांपेक्षा जुन्या बॉक्सरांचे ठोसे जास्त जोरदार’ हा वाद मला पटत नाही. १९१९ साली हेवीवेट (सर्वांत वरचा वजनगट) लढतीत डेम्प्सीने विलर्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं, तेव्हा त्याचं स्वतःचं वजन जेमतेम ८५ किलो होतं. आजचे हेवीवेट सर्रास शंभरी ओलांडतात. मग तुलना ग्लोव्हची करायची की माणसांची? शिवाय बचावही बदलला. १६ औंसांच्या आड मी निवांत लपतो. एकदा हळू स्पॅरिंगमध्ये १० औंसांची जोडी घातली, तर तोच गार्ड (चेहऱ्यापुढे धरलेल्या हातांची आड) चाळणी झाला.

आता तक्रार. सहाव्या महिन्यात १० औंसांच्या जोडीचा फोम बोटांच्या सांध्यांवर चपटा झाला. काट्यावर वजन तेवढंच, पण बॅगेचा टणकपणा थेट हाडाला लागायला लागला. औंस म्हणजे वजन, जाडी नव्हे, हे दुखऱ्या मुठीने शिकवलं. तेच वजन काही ग्लोव्हमध्ये मनगटाच्या पट्ट्यात जातं आणि पुढे भरण कमी उरतं. घेताना आकडा बघू नका, सांध्यांवर अंगठा दाबून बघा.

आता बॅगला १२ औंसांची जोडी घेतली आहे. १६ची बॅगवर वापरत नाही. तिचा फोम बसला तर त्रास माझ्या हाताला कमी आणि जोडीदाराच्या तोंडाला जास्त.