वर अ‍ॅल्युमिनियम, खाली जुनी लोखंडी चेसी: जनावरांच्या ट्रॉलीत आमची झालेली फसवणूक

आमचे साडेचार लाख रुपये अ‍ॅल्युमिनियमच्या एका जनावर-ट्रॉलीत गेले आणि त्याच ट्रॉलीने आमच्या चंद्री या गायीचा पाय जन्माचा अधू केला. पैशांचं काय व्हायचं ते आता ग्राहक आयोगापुढे होईल. पण ज्याने फसवलं तो माणूस आजही पुण्याच्या आसपासच्या बाजारांत पत्रकं वाटतोय, म्हणून हे लिहायला बसले. प्रकरण चालू आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. त्याची पद्धत तुम्हाला ओळखता यावी, एवढं मात्र सगळं लिहिते.

आमचा गोठा पुरंदर तालुक्यात, दिवे घाटाच्या वरच्या अंगाला. एचएफ (होल्स्टीन फ्रिझियन) गाई आणि काही उस्मानाबादी शेळ्या आहेत. मी आणि माझा धाकटा दीर मिळून सगळं बघतो. आधीची लोखंडी ट्रॉली तळातून कुजली होती. शेण-मूत फळ्यांच्या खाली साचतं, वरून रंग चांगला दिसतो आणि एके दिवशी चॅनेलमध्ये, म्हणजे तळाच्या लोखंडी दांड्यात, बोट जातं. हे दुखणं प्रत्येक गोठेवाल्याला ठाऊक आहे. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा विचार केला, आणि तो विचार चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पाणी १ धरलं तर पोलादाची घनता ७.८५, अ‍ॅल्युमिनियमची २.७. ट्रॉली हलकी असली की घाट चढताना ट्रॅक्टरवर ओढ कमी येते, उतरताना ब्रेकवर भार कमी पडतो, आणि वाचलेल्या वजनात एखादं जनावर जास्त बसतं. अमेरिकेत जनावरं नेणारे अ‍ॅल्युमिनियमचे ट्रेलर सर्रास वापरतात. माल खरा असेल तर पैसे वसूल होतात.

चाकणच्या शनिवारच्या बाजारात आम्हाला त्याचं पत्रक मिळालं. शेड शहराबाहेर एका फाट्यावर. तिथे नमुन्याची ट्रॉली उभी होती आणि ती खरोखर उत्तम होती. चेसी म्हणजे खालचा सांगाडा, आडवे चॅनेल, बाजू, मागचा फाळका, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, आर्गन वेल्डिंग सरळ आणि एकसारखं. बोलणाराही तयारीचा. "ताई, चुंबक लावून बघा," म्हणत त्याने खिशातून एक चपटं चुंबक काढून दिलं. लावलं तिथून ते खाली पडायचं. "आपण एचई तीस वापरतो, खिडक्यांचं सेक्शन नाही," असंही तो म्हणाला. एचई ३० म्हणजे ६०८२ ग्रेडचा मिश्रधातू, खिडक्यांच्या सेक्शनपेक्षा मजबूत. पुण्याच्या बाजारात हे जुनं नाव अजून चालतं आणि ते ऐकलं की समोरच्याला धातूतलं कळतं असं वाटतं. वजन सांगितलं ७५० किलो. लांबी-रुंदी १२ बाय ६ फूट. "पाच गाई आरामात बसतील."

पैशांची बोलणी अशी: ६० टक्के आगाऊ, "कारण अ‍ॅल्युमिनियमचा भाव रोज बदलतो, आज माल उचलला तरच हा दर." भाव रोज बदलतो हे खरंच आहे. ठग माणूस असं एक खरं पुढे करतो आणि त्याच्या आडून घाई करवतो. उरलेली रक्कम ट्रॉली शेडमधून निघण्याआधी. जीएसटीशिवाय कच्च्या बिलावर स्वस्तात देतो असंही तो म्हणाला, पण दिराने ठाम नकार देऊन सगळे पैसे बँकेतून पाठवले. आज आमच्या हातात जे काही आहे ते त्या नकारामुळे.

ट्रॉली आली ती रात्री, पावसात, चिखलाने माखलेली. चाकं, पाटे, खालची बाजू काहीच नीट दिसत नव्हतं. धुतल्यावर वरून ती नमुन्यासारखीच चकचकीत होती. बिल होतं एका ओळीचं: "कॅटल ट्रॉली, १ नग." ग्रेड नाही, पत्र्याची जाडी नाही, वजन नाही, चेसी कशाची ते नाही. पुढे त्याचा सगळा बचाव या एका ओळीवरच उभा राहिला: आम्ही पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची म्हणालोच नव्हतो.

पहिला पावसाळा संपेपर्यंत बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली. फोन केला तर म्हणाला, "ताई, अ‍ॅल्युमिनियमला असं होतंच, पुसून घ्या." ही थाप होती. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये ओल असेल, तर तिथे बारीकशी बॅटरी तयार होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. गोमूत्रात क्षार असतात, त्यामुळे हा प्रकार आणखी वेगाने होतो. चांगला कारागीर दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचा किंवा रबरी वायसर घालतो आणि बोल्ट स्टेनलेसचे वापरतो. इथे साधे लोखंडी बोल्ट होते आणि मध्ये काहीच नव्हतं. पण ट्रॉली जर सगळी अ‍ॅल्युमिनियमची, तर बोल्टाखाली एवढं लोखंड कुठून आलं, हा प्रश्न पडायच्या आतच पुढचं घडलं.

चंद्रीला दवाखान्यात न्यायचं होतं. घाटाच्या वळणावर ट्रॉलीचा तळ दोन आडव्या चॅनेलांच्या मध्ये दबला, पत्र्याचा सांधा उकलला आणि तिचा पुढचा पाय खुरासकट त्या फटीत गेला. पत्र्याची कड सुरीसारखी. ती उभ्याउभ्या थरथरत होती आणि पाय वर ओढायला गेली की आणखी चिरत होती. दिराने टॉमीने (लोखंडी पहारीने) पत्रा वाकवून पाय मोकळा केला. शिरा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी जीव वाचवला, गाभही टिकला, पण ती आता तीन पायांवरच भार देते. हे लिहितानाही माझा हात जड होतो. मुकं जनावर आपल्या भरवशावर फळीवर चढतं.

त्यानंतर आम्ही ट्रॉली उघडून बघितली. आधी भुईकाट्यावर नेली. रिकामी ट्रॉली भरली १,१८० किलो. सांगितलेल्या ७५० पेक्षा ४३० किलो जास्त, म्हणजे जवळपास एका गायीचं वजन. काट्याची पावती शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि ती खोटं बोलत नाही. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडापेक्षा जास्त पैसे मोजायचे ते मुख्यतः वजनासाठी, तर मग वजनच तपासून घ्या. कोटेशनवर रिकाम्या ट्रॉलीचं वजन लिहून घ्या, तुम्ही निवडलेल्या काट्यावर ती तोला, आणि शेवटचा हप्ता त्या पावतीनंतर द्या. विकणारा याला तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.

मग स्पीकरमधलं मोठं चुंबक काढून चेसीला लावलं. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरूनच ते घट्ट बसलं. त्याने दिलेलं चुंबक मुद्दाम कमजोर होतं आणि तेही फक्त बाजूच्या पत्र्यांना लावून दाखवलेलं. जाड चुंबक पातळ पत्र्याच्या आतलं लोखंड धरतं. ट्रॉलीच्या खाली आडवे होऊन मुख्य चॅनेलला, आडव्या पट्ट्यांना, हुकाच्या मुळाशी ते लावून बघा. आमच्या ट्रॉलीचं आवरण कापलं तेव्हा आत कुठल्यातरी जुन्या ट्रॉलीचं गंजकं लोखंडी चॅनेल निघालं, त्याला चंदेरी रंग मारलेला.

लोखंडी चेसीवर अ‍ॅल्युमिनियमची बॉडी चढवणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. प्रामाणिक कारागीर तशा ट्रॉल्या करतात, तसं सांगून करतात आणि दरही तसाच लावतात. दोन धातू वेगळे ठेवले तर त्या टिकतातही. आम्हाला लागली ती लबाडी.

तळाचा पत्रा त्याने ४ मिलिमीटरचा सांगितला होता. व्हर्नियरने मोजला तर दोनच्या थोडा वर. चेकर्ड प्लेट मोजताना वरच्या उठावाच्या नक्षीसकट मोजून दाखवतात. नक्षी सोडून सपाट जागी मोजा. आडव्या पट्ट्यांमधलं अंतर दोन फुटांहून जास्त होतं. इथे अ‍ॅल्युमिनियमचा एक गुण समजून घ्यायला हवा. त्याचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो. त्याच मापाचा तुकडा त्याच वजनाखाली तिप्पट वाकतो. म्हणून लोखंडी ट्रॉलीची मापं उचलून अ‍ॅल्युमिनियमची ट्रॉली होत नाही. सेक्शन खोल लागतं, पट्टे जवळ जवळ लागतात. शिवाय ६००० मालिकेतल्या ग्रेडला वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारची ताकद बरीच घटते, जवळपास निम्म्यापर्यंत. जाणकार कारागीर सगळ्यात जास्त ताण येतो तिथे वेल्ड टाळतो किंवा आधाराची पट्टी देतो. याने ऐन कोपऱ्यातच आडवा टाका मारला होता.

बाजूच्या सेक्शनचा तुकडा भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो चाचणीला, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते बघायला, दिला. निघालं ६०६३, म्हणजे एचई ९, अर्थात तेच खिडक्यांचं सेक्शन. ६०८२ मध्ये सिलिकॉन ०.७ ते १.३ टक्के आणि मँगनीज ०.४ ते १ टक्का असतं. ६०६३ मध्ये सिलिकॉन ०.६ च्या वर जात नाही आणि मँगनीज नावापुरतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मालासोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, ज्याला बाजारात टीसी म्हणतात, ते मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे माल ज्या ओतीतला आहे तिचा क्रमांक, मालावरच्या शिक्क्याशी ताडून बघा.

टायरवर काळं पॉलिश होतं. घासल्यावर बाजूचे चार आकडे वाचता आले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ३२१४ असेल तर २०१४ सालचा ३२ वा आठवडा. आमचे टायर आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या गायीच्या वयाचे निघाले, वरून रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले.

सगळ्यात गंभीर बाब अजून पुढेच आहे. चेसी नंबरची पाटी रिव्हेट मारून बसवलेली होती. ती काढली तर खाली ग्राइंडर फिरवून घासलेला जुना नंबर. ही चेसी कुणाची, मोडीतली की चोरीची, आम्हाला माहीत नाही. त्याच दिवशी पोलिसांत अर्ज दिला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पण अशा नंबरची ट्रॉली रस्त्यावर सापडली असती तर उत्तर द्यायला आम्हीच उभे राहिलो असतो, या विचाराने आजही झोप उडते.

"शेतीच्या ट्रॉलीला पासिंग लागत नाही," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. नोंदणी लागते, आणि त्यासाठी विकणाऱ्याकडून नमुना २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि नमुना २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला हवा. तो यातलं काही देत नसेल तर त्याच्याकडे मंजूर डिझाइनच नाही असं धरून चाला. "पाच गाई" हीसुद्धा थापच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-ई प्रमाणे जनावरं नेणाऱ्या वाहनात कायमचे कप्पे हवेत आणि गाय किंवा म्हशीमागे किमान २ चौरस मीटर जागा हवी, शेळी-मेंढीमागे ०.३. बारा बाय सहा फूट म्हणजे साधारण ६.७ चौरस मीटर. तीन गाई, त्यापुढे नाही. आमच्या ट्रॉलीत एकही कप्पा नव्हता.

ज्यांच्याकडे चांगली अ‍ॅल्युमिनियमची ट्रॉली आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट. गोठ्यात चुना टाकायची आपली सवय ट्रॉलीत नेऊ नका. चुना आणि कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातात. साध्या पाण्याने धुवा आणि रबरी मॅट उचलून खालचं शेण काढा.

आता प्रकरण कुठवर आलंय ते सांगते. वकिलांनी पहिल्यांदा विचारलं, ही खरेदी व्यवसायासाठी होती का. व्यावसायिक खरेदीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते. आमचा गोठा तसाच आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर जिल्हा आयोगात फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या हेल्पलाइनवर सुरुवातीची माहिती नीट मिळाली. पुराव्यात बँकेच्या नोंदी, काट्याची पावती, प्रयोगशाळेचा अहवाल आणि त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप आहेत. एकात तो स्पष्ट म्हणतो, "चेसीपासून फाळक्यापर्यंत सगळं अ‍ॅल्युमिनियम." ते निरोप ज्या फोनवर आले तो फोन दिराने बदललेला नाही.

नोटीस गेल्यावर त्याचा सूर एकदम मऊ झाला. "ताई, ट्रॉली पाठवून द्या, फुकट चेसी बदलून देतो." पाठवली नाही. ती त्याच्या शेडमध्ये गेली की घासलेला नंबरही जाईल आणि दोन मिलिमीटरचा पत्राही. कुणाला असा फोन आला तर ट्रॉली हातची सोडू नका. आधी चारही बाजूंनी आणि खालून फोटो काढून घ्या, आणि दुरुस्तीचं बोलणं लेखीच करा.

आमच्यानंतर निदान आणखी एका गोठेवाल्याने त्याच्याकडून ट्रॉली घेतल्याचं कानावर आलंय. एकाच विक्रेत्याने एकाच प्रकारे फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, कलम ३५ मध्ये तशी सोय आहे. तुमच्या बिलावर "कॅटल ट्रॉली, १ नग" एवढंच लिहिलं असेल, तर आजच जाड चुंबक घेऊन ट्रॉलीखाली जा आणि नंबरच्या पाटीच्या कडेला ग्राइंडरच्या खुणा दिसतात का बघा. दिसल्या तर पाटीला हात न लावता फोटो काढा आणि बिल घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा.