टाचेचा फोड : कागदी चिकटपट्टी की हायड्रोकोलॉइड पट्टी?

लांबच्या डोंगरवाटेवर टाचेला फोड येतो तो केवळ बूट घासल्याने नव्हे. पाऊल पडताना आतले हाड सरकते, घामाने ओली झालेली त्वचा मात्र मोज्याला चिकटून राहते आणि या ओढाताणीत त्वचेचे थर सुटून मध्ये पाणी साठते. कागदी चिकटपट्टीचे, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पातळ सर्जिकल टेपचे, काम त्याआधीचे आहे. निघण्यापूर्वी कोरड्या टाचेवर, कोपरे गोलाकार कापून आणि एकही सुरकुती राहू न देता ती लावली, तर घर्षणाचा बराचसा त्रास पट्टीच सोसते. आलेल्या फोडावर मात्र ती थेट चिकटवू नये, कारण काढताना वरची नाजूक कातडी सोलून निघू शकते.

फोड फुटला असेल, तर स्वच्छ धुतलेल्या जखमेवर हायड्रोकोलॉइड पट्टी सरस ठरते. ती स्राव शोषून त्याचे मऊ जेल बनवते आणि काही दिवस तशीच राहू शकते. खाली पांढरट फुगवटा दिसला म्हणून घाबरून ती उपटू नये. पू किंवा पसरती लाली असल्यास ती लावू नये, डॉक्टरांना दाखवावे.

पिशवीत एकीलाच जागा असेल, तर मी चिकटपट्टी निवडेन. फक्त टाच चुरचुरू लागताच, सोबती पुढे गेले तरी, तिथेच थांबून बूट काढायला हवा.