वेंगुर्ल्यातलं फ्लेक्सचं दुकान: चार तारे, आणि पाचवा का कापला

आधी एक कबुली. या दुकानाच्या मालकांचं माझ्याकडे पिग्मीचं खातं आहे, रोजचे 100 रुपये. मी पतसंस्थेचा एजंट. संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या काउंटरवर पोचतो आणि बहुतेक वेळा चहा मिळतो. तेव्हा पुढचं सगळं तो चहा वजा करून वाचा.

दुकानाचं नाव लिहीत नाही. बाजारातून बंदराकडे जाताना कौलारू घराच्या पडवीत आहे, बाहेर नेहमी दोन-तीन फ्लेक्स वाळत असतात आणि आत शाईचा असा वास की पहिल्यांदा जाणाऱ्याचं डोकं धरतं. वाढदिवस, निवड, जत्रा, कबड्डी, दशावतार, सगळं इथंच छापून होतं. पण वाढदिवसाच्या बॅनरवरून फ्लेक्सवाल्याची परीक्षा होत नाही. वाढदिवसाला तोंड थोडं लाल आलं तरी उत्सवमूर्ती खूश असते. परीक्षा होते ती श्रद्धांजलीच्या बॅनरला. मी तेच काम करून घेतलं, म्हणून हा खटाटोप.

ऑक्टोबर 2018. शनिवारी 27 तारखेला रात्री इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधली लेस्टर सिटी विरुद्ध वेस्ट हॅम मॅच बघितली. लेस्टर आमचा संघ. एनडिडीनं 89व्या मिनिटाला बरोबरी साधली, 1-1, म्हणून खुशीत झोपलो. सकाळी फोन उघडला तर भाच्याचे सतरा मेसेज. सामना संपल्यावर लेस्टरच्या मालकाचं हेलिकॉप्टर नेहमीप्रमाणे मैदानाच्या मधोमध उतरलेलं, तिथूनच उडालं आणि स्टेडियमची भिंत ओलांडून पलीकडच्या पार्किंगमध्ये कोसळलं. रविवार अख्खा गेला. आत कोण होतं हे क्लब सांगेना, आणि आम्ही पाच जण एकमेकांना 'बघूया, बघूया' म्हणत राहिलो. सोमवारी पहाटे कळलं, हेलिकॉप्टरमधले पाचही जण गेले. त्यात क्लबचे थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा.

लेस्टर आणि वेंगुर्ला यांचा संबंध काय, असं घरच्यांनीही विचारलं. काही नाही. शेजारी गोवा असल्यामुळे आमच्याकडे फुटबॉल थोडं झिरपतं इतकंच. 2015 च्या पावसाळ्यानंतर भाच्यानं गंमत म्हणून हा संघ धरला, कारण सट्टेवाल्यांनी त्यांच्या विजेतेपदाला 5000 ला 1 भाव लावला होता आणि चिन्ह कोल्हा होता. मग होडीवाला मित्र आला, हायस्कुलातला क्लार्क आला, पणजीच्या हॉटेलात कामाला असलेला पाचवा आला. 3 मे 2016 ला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, चेल्सी-टॉटनहॅम 2-2 संपली, दुसऱ्या नंबरवरचं टॉटनहॅम जिंकलं नाही, आणि आपला सामना नसताना लेस्टर लीगचे विजेते झाले. होडीवाला त्या रात्री समुद्रावर जायचा होता, गेला नाही. एका रात्रीचा धंदा बुडाला म्हणून वहिनी अजून बोलते.

लेस्टरच्या मालकाचं सांगायचं तर, माझ्यासारख्या वसुलीवाल्या माणसाला त्याची एक गोष्ट सगळ्यात जास्त लागली. 2010 मध्ये त्यानं क्लब 39 दशलक्ष पौंडांना घेतला, वर कर्ज दिलं, आणि पुढे ते 100 दशलक्ष पौंडांहून जास्त कर्ज भागभांडवलात फिरवून टाकलं. म्हणजे येणं सोडलं. पंधरा वर्षं खातेवह्या बघतोय, अशी नोंद मी बघितलेली नाही. बाकी त्यानं प्रेक्षकांना फुकट बिअर पाजली, तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलला 2 दशलक्ष पौंड दिले, बँकॉकहून भिक्खू आणून खेळाडूंवर पाणी शिंपडवलं. गोव्यात क्लबांना मालकांचीच नावं असतात, डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स. तिथल्या जुन्या लोकांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. वेंगुर्ल्यात लागतं.

तर सोमवारी संध्याकाळी पिग्मीची वही काखेत घेऊन मी काउंटरवर फोटो ठेवला. दिवाळी आठवड्यावर आलेली. आत मशीनमधून कुठल्या तरी पुढाऱ्याचे हात जोडलेले बाहेर येत होते, बाकीचा पुढारी अजून यायचा होता. 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'चे गठ्ठे दारापर्यंत. मालकांनी फोटो बघितला.

"हो कोण रे?"

"विचाई श्रीवद्धनप्रभा."

"श्रीवर्धनचो? रायगडातलो?"

यात त्यांची चूक नाही. आडनाव थायलंडच्या राजानं बहाल केलेलं, आणि फोड करा: श्री, वर्धन, प्रभा. विचाई म्हणजे आपला विजय. मी हे सगळं सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. कारण कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीनं अर्धंच ऐकलं आणि पहिल्या प्रुफात आलं, 'विजय श्रीवर्धनकर'. पाचवा तारा इथं कापला. दुसऱ्या प्रुफात 'श्रीवद्धन' झालं पण 'प्रभा' खालच्या ओळीत गेली, जणू पत्नीचं नाव. तिसऱ्यांदा जमलं. त्यांच्या जुन्या फॉण्टात 'द्ध' हे जोडाक्षर कुठल्या बटणावर आहे ते मुलीला कागदाच्या तक्त्यात शोधावं लागत होतं, तेही खरं. पण मरणाऱ्याचं नाव दोनदा चुकवू नये.

भाच्याची इच्छा होती की 'खुन विचाई' लिहावं, कारण तिकडचे लोक त्यांना तसंच म्हणायचे. थाई भाषेत ते आपल्या 'श्री'सारखं मानाचं. मुलीनं हात थांबवला. "खून? खून झालो काय तेंचो?" भाच्यानं मुकाट माघार घेतली.

मग नावाआधी काय लावायचं. त्यांच्या साच्यात 'कै.' आधीच टाकलेलं असतं. क्लार्क म्हणाला, माणूस बौद्ध होता, कैलासवासी कसा होईल? 'कालकथित' लिहा. त्याच्या घरी तसंच लिहितात. मालकांनी एका शब्दानं वाद घातला नाही, मुलीला म्हणाले, त्या फोल्डरात असेल, आणि होतंही. हे मला आवडलं. कुठल्या समाजात काय लिहितात याचे वेगवेगळे फोल्डर या माणसानं करून ठेवलेत. ख्रिश्चनांसाठी क्रूस, मुसलमानांसाठी वेगळा मजकूर. मोठ्या शहरातले डिझायनर इंग्रजीत चार ओळी टाकून मोकळे होतात.

रंगाबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण पैसे त्याचे मोजतो आपण. लेस्टरचा निळा हा स्वच्छ, भरदुपारच्या समुद्रासारखा. स्क्रीनवर तो बरोबर दिसत होता आणि नमुन्याची पट्टी छापली तर जांभळा, पिकलेल्या जांभळासारखा. निळ्यात लाल शाई जास्त पडली की असं होतं. मी कुरकुरलो. मालक स्वतः खुर्चीवर बसले, लाल कमी करून वीतभर तुकडा छापला, बाहेर उजेडात नेऊन धरला, परत आत. असे चार तुकडे. चौथा बरोबर आला. बाहेर दिवाळीवाले ताटकळत उभे असताना हे चाललं होतं. त्यातल्या एकानं विचारलं, एवढं कोण गेलंय? मालक म्हणाले, "हेंचो मालक."

साधा फ्लेक्स घेऊ नका, स्टार फ्लेक्स घ्या. तेव्हा साधा 12 रुपये फूट होता, स्टार 20. सहा बाय चार म्हणजे 24 फूट, 480 रुपये. डाव्या बाजूला मशीनचं शाईचं नोझल अडकल्यामुळे केसाएवढी एक पांढरी रेघ आली होती, पण ती कोटाच्या बाहीवर होती म्हणून सोडून दिली. चेहरा उत्तम. ते त्यांचं अर्धं मिटलेलं हसू असतं ना, ते तसंच्या तसं आलं.

एक प्रसंग राहिला. भाच्याच्या फोनवर स्टेडियमबाहेरचे फोटो होते. फुलांचे ढीग, निळे मफलर, टीशर्ट, आणि त्या सगळ्यात कुणीतरी आणून ठेवलेला गणपतीचा मोठा फोटो. मालकांनी फोन हातात घेतला, बोटांनी गणपती मोठा करून बघितला, मग परत लहान केला आणि बाजूची फुलं बघत बसले. मला वाटलं आता म्हणणार, आपणही वर गणपती टाकूया. दिवाळीच्या प्रत्येक फ्लेक्सला तो होताच. म्हणाले, "श्रद्धांजलीर गणपती घालूचो नसता. तेंनी ठेवल्यानी, तेंचा बरोबर. आपण नको." आणि फोन परत दिला. त्या दिवशी पिग्मीचे 100 रुपये त्यांनी न मागता काढून दिले, नाहीतर मला दोनदा आठवण करावी लागते.

फ्रेमचे पैसे विचारले. रीपा, खिळे, मजुरी मिळून दीडशे तरी झाले असते. "मेलेल्याच्या कामाक फ्रेमीचे मी घेणय नाय." हे फक्त आमच्यासाठी नव्हे, नंतर चौकशी केली, सगळ्यांनाच तसं. दरपत्रकावर मात्र हे लिहिलेलं नाही, तेव्हा उगाच मागू नका.

परवानगीची पावती फाडून बॅनर नाक्यावर पाच दिवस लावला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली आम्हा पाच जणांची नावं न घालता 'लेस्टर सिटी प्रेमी, वेंगुर्ला'. दोन्ही बाजूंना दिवाळीचे पुढारी. पहिल्या दिवशी मासळी विकून परतणारी एक बाई टोपली खाली ठेवून थांबली.

"माणूस बरो दिसता. खयचो?"

"थायलंडचो."

"आणि हय कित्याक लावल्यानी?"

होडीवाल्यानं तिला जे सांगितलं ते सगळं मला ऐकू आलं नाही. तिनं टोपली उचलली आणि जाताना फोटोकडे बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी फ्रेमला अबोलीची एक वेणी अडकवलेली होती. कुणी अडकवली ते कळलं नाही. त्याच आठवड्यात शनिवारी लेस्टर कार्डिफमध्ये खेळले, डेमराय ग्रेनं गोल केला आणि वरचा शर्ट काढला तर आतल्या शर्टावर मालकाचं नाव. पंचांनी नियमाप्रमाणे पिवळं कार्ड दाखवलं. क्लार्क म्हणाला, त्या पंचाला आपल्या नाक्यावर आणा.

आता टिकाऊपणा. फ्लेक्स काढल्यावर फेकायचा नाही हे कोकणात सांगावं लागत नाही. होडीवाल्यानं तो नेला आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीवर घातला. चेहरा खालच्या बाजूला, हे त्यानं मुद्दाम केलं. उन्हानं रंग जाऊ नये म्हणून. अडीच वर्षं वापरला. खारं वारं, ऊन, कावळे. मागची बाजू पिवळी पडली, पुढचा निळा जवळपास तसाच.

15 मे 2021 ला रात्री पावणेदहाला इंग्लंडच्या एफए कपची लेस्टर-चेल्सी फायनल होती, आणि त्याच रात्री तौक्ते वर येत होतं. लॉकडाऊन, त्यात वादळ, त्यामुळे पाच जण पाच घरांत. वीज जात-येत होती, मी फोनवर बघत होतो. 63व्या मिनिटाला आमच्या टीलेमान्सनं पंचवीसेक यार्डांवरून मारला, शेवटी शेवटी चेल्सीचा गोल व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओवरच्या पंचानं, रद्द केला, 1-0. गोलकीपर कास्परनं मालकाच्या मुलाला हात धरून मैदानात आणलं आणि खेळाडू त्याच्याभोवती नाचायला लागले, तेवढ्यात माझी बॅटरी गेली. बाहेर माडांचा आवाज असा होता की ओरडलो ते घरातही कुणाला ऐकू गेलं नाही.

वादळ सरल्यावर होडीकडे गेलो. होडी वाचली. फ्लेक्स उडून मागच्या सुरूच्या झाडांत अडकला होता, मधोमध फाटलेला, चेहरा अर्धा. होडीवाल्यानं वर चढून काढला. दोऱ्या तुटल्या होत्या, पण बाराच्या बारा कड्या फ्लेक्सला धरून होत्या, एकही निसटली नव्हती. कड्या ते अजूनही हातानंच ठोकतात, मशीननं नाही. सांगून ठेवा, प्रत्येक फुटाला एक.