शेवटचा घाट की त्याआधीचा? सायकल शर्यतीचा कोणता टप्पा पूर्ण बघावा

टूर द फ्रान्स, इटलीतली जिरो आणि स्पेनमधली व्हुएल्टा या तिन्ही शर्यतींत २१ टप्पे असतात; सगळ्या टप्प्यांचा मिळून सर्वांत कमी वेळ घेणारा जिंकतो. हे टप्पे आपल्याकडे साधारण रात्री साडेआठ-नऊला संपतात. संध्याकाळी लवकर कधी बसायचं आणि शेवटचा अर्धा तास कधी पुरतो, हे टप्प्याचा चढ-उताराचा आलेख आधी पाहिला की बरंचसं कळतं.

दिवसभर सपाट रस्ता आणि शेवटी एकच घाट असेल, तर उशिरा बसा. बलाढ्य संघ घाटाच्या पायथ्यापासून असा वेग धरतो की हल्ला करणाऱ्याचा, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटू पाहणाऱ्याचाच दम संपतो. शिवाय पहिल्या तिघांना एकूण वेळेत १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते, म्हणून थांबून राहणंच फायद्याचं ठरतं. व्हुएल्टातले छोटे, भिंतीसारखे चढ याच जातीचे. शेवटची दहा मिनिटं थरारक, फरक मात्र सेकंदांचा.

सर्वांत अवघड घाट शेवटून दुसरा असेल, तर सगळी कामं बाजूला ठेवा. जिरोतला कोले देल्ले फिनेस्त्रे साडेअठरा किलोमीटरचा, सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या वर, आणि माथ्याकडचे सुमारे आठ किलोमीटर कच्चे. तिथे वेग इतका पडतो की दुसऱ्याच्या मागे राहून वाऱ्यापासून मिळणारा आडोसा फारसा उरत नाही. सहकारी गळतात, संघांचे नायक एकटे पडतात. पुढे उतार, दरी आणि सेस्त्रिएरेचा सौम्य चढ; एकट्याचं खरं नुकसान तिथे होतं. २०२५ मध्ये सायमन येट्स एकूण वेळेत आघाडीवरच्या देल तोरोच्या १ मिनिट २१ सेकंद मागे होता. त्याने फिनेस्त्रेवर हल्ला केला, पलीकडे आधीच पुढे गेलेला सहकारी व्हॅन आर्ट त्याच्यासाठी थांबला, आणि मागे देल तोरो व दुसरा प्रतिस्पर्धी कारापाझ एकमेकांवर डोळा ठेवत राहिले. येट्सने जिरो जिंकली, तीही जवळपास चार मिनिटांच्या फरकाने.

मात्र घाटानंतर चाळीस-पन्नास किलोमीटर सपाट दरी असेल, तर हा आराखडा फसतो. पाठलाग करणारे आळीपाळीने वारा कापतात आणि एकट्याला सहज गाठतात. पुढे मदतीला सहकारी असेल तरच तो टिकतो. म्हणून सकाळीच मुख्य घोळक्यातून पुढे पळालेल्या गटात कोणाच्या संघाची माणसं आहेत, ते जरूर बघा.

टप्पा छोटा केला की रंगतोच, असंही नाही. २०१८ च्या टूरमध्ये ६५ किलोमीटरचा टप्पा मोटारशर्यतीसारखी, क्रमवारीनुसार रांग लावून सुरू केला. त्या रांगेने काहीच साधलं नाही. २०१६ च्या व्हुएल्टात फॉर्मिगालचा ११८.५ किलोमीटरचा टप्पा पेटला, कारण सुरुवातीलाच खडबडीत चढ-उतार होते. काँतादोर आणि किंताना तिथेच निसटले, फ्रूमने अडीच मिनिटांहून जास्त गमावली.

टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा, किती लांब, यापेक्षा ती कधी आहे ते बघा. २०२३ च्या जिरोत ती विसाव्या टप्प्याला, मोंते लुस्सारीच्या चढावर ठेवली होती. रोग्लिचने आघाडीवरच्या थॉमसला तिथे एकूण वेळेत मागे टाकलं, ती संध्याकाळ अविस्मरणीयच. पण तिच्या धास्तीने आधीचे घाट बरेच थंड गेले. तीस-चाळीस किलोमीटरची सपाट टाइम ट्रायल पहिल्या दहा दिवसांत उरकली, तर मागे पडलेल्या घाटवीरांना हल्ल्यावाचून पर्याय राहत नाही.